रोजच्या भागाला बांधलेली माणसे

मराठी वाहिनीवर अर्ध्या तासाच्या जागेत दिसणारी दैनंदिन मालिका जाहिराती वगळल्यावर साधारण २२ मिनिटांची उरते. आठवड्याला सहा भाग धरले तर सव्वादोन तासांच्या आसपासचे चित्रण दर आठवड्याला लिहून, शूट करून, संकलन करून वाहिनीच्या हवाली करावे लागते. तेवढ्याच लांबीच्या मराठी चित्रपटाला चित्रीकरणासाठी महिना-सव्वा महिना सहज मिळतो. मालिकेला तेच काम सहा-सात दिवसांत उरकायचे असते, आणि ते उरकेपर्यंत पुढचे दारात उभे असते. सेटवर कोणाचे कोणाशी जमते, कोण कोणाला सांभाळून घेतो आणि कोणाचे भांडण वर्तमानपत्रापर्यंत जाते, याच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच गणित सापडते. मुलाखतींत कलाकार ‘आमचे सेटवरचे कुटुंब’ म्हणतात ते खोटे नसते. मात्र हे कुटुंब प्रक्षेपणाच्या वेळेने बांधलेले असते, आणि त्यातले बरेचसे व्यवहार नियमांवर कमी आणि भिडेवर जास्त चालतात.

पूर्वी असे नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा वरळीच्या केंद्रातले निर्माते, कॅमेरामन, तंत्रज्ञ सरकारी नोकर होते. कलाकार तेवढे बाहेरून, त्या-त्या कार्यक्रमापुरते येत. १९८४मध्ये ‘हमलोग’ने लांबलचक कौटुंबिक मालिकेची चव देशाला लावली, तरी मराठीत बराच काळ तेरा भागांच्या साप्ताहिक मालिकांचाच जमाना होता. बँकेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी, संध्याकाळी नाटक आणि सवडीने मालिका, असे आयुष्य असलेले नट त्या काळात पुष्कळ होते. एकमेकांशी संबंध यायचा तो तालमींपुरता आणि चार-सहा दिवसांच्या चित्रीकरणापुरता. ‘दामिनी’, त्यानंतर १९९९मध्ये सुरू झालेली अल्फा मराठी वाहिनी आणि तिच्यावरची ‘आभाळमाया’, यांच्यापासून रोजच्या मालिकेचे दिवस आले. २००१मध्ये ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३च्या जानेवारीत संपली, तेव्हा तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले होते. अकरा वर्षे एका खात्यात सरकारी अधिकारीही टिकत नाही. एवढा काळ तीच माणसे रोज एका छताखाली असतील, तर त्यांच्यात नाती तयार होतात आणि राजकारणही तयार होते.

मालिकेचे मालक प्रेक्षकांना दिसत नाहीत. मालिका वाहिनीची असते. निर्मितीसंस्था ती ठरलेल्या दराने भागागणिक बनवून देते. निर्माता कलाकारांशी आणि तंत्रज्ञांशी करार करतो, सेट उभारतो, जेवणापासून जनरेटरपर्यंत सगळे बघतो; पण कथेत काय घडावे, नायिकेने कोणती साडी नेसावी, नवा चेहरा कोणता घ्यावा, यावर शेवटची मोहोर वाहिनीची. वाहिनीचा कार्यकारी निर्माता, ज्याला सगळे ‘ईपी’ म्हणतात, तो या दोन घरांमधला दुवा. वयाने तो अनेकदा सेटवरच्या ज्येष्ठ नटाच्या मुलाएवढा असतो आणि अधिकाराने दिग्दर्शकाच्या वर. या उलट्या उतरंडीची सवय व्हायला रंगभूमीवरून आलेल्या जुन्या मंडळींना जड जाते, कारण नाटकात दिग्दर्शकाचा शब्द हा शेवटचा असतो.

दर गुरुवारी बार्क या संस्थेचे प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. आकडा चढला की सेटवर पेढे, उतरला की वाहिनीच्या कचेरीत बैठक. बैठकीत निघालेला उपाय दोन दिवसांत पटकथेत उतरतो आणि आठवडाभरात पडद्यावर दिसतो: एखादे जुने प्रेम परत येते, एखादा अपघात होतो, एखादे पात्र गावाला जाते. गावाला गेलेले पात्र म्हणजे घरी बसलेला कलाकार. त्यामुळे गुरुवारची दुपार बऱ्याच जणांना जड जाते, विशेषतः ज्यांची भूमिका कथेला अनिवार्य नाही त्यांना.

लेखक या सगळ्यात असून नसल्यासारखा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी रूढ आहे. तिघेही सेटवर क्वचित फिरकतात. आधी प्रसंगांचा आराखडा वाहिनीकडून मंजूर होतो, मग पटकथा, मग संवाद. शेवटच्या टप्प्याला अनेकदा इतका उशीर होतो, की कलाकार मेकअपच्या खुर्चीत बसलेले असताना सीन त्यांच्या मोबाइलवर येऊन पडतो. चार पानांचा सीन वीस मिनिटांत पाठ करण्याचे कसब हा मालिकेतल्या नटाचा खरा कस आहे आणि समीक्षक त्याची दखल घेत नाहीत. वाक्य तोंडात बसत नसेल तर ते बदलून घेण्याची सवलत कोणाला असते, यावरून सेटवरचे वजन कळते. मुख्य नायिका ‘हे मी असं म्हणते’ म्हणाली की दिग्दर्शक मान हलवतो. नव्या मुलीने तेच म्हटले तर लेखकाला फोन लावावा लागतो.

सेट चालतो तो मात्र सहायक दिग्दर्शकांवर. आदल्या रात्री उद्याचे वेळापत्रक ग्रुपवर टाकणे, कोणाचा कॉल किती वाजता, कोणते सीन, कोणते कपडे, कोणाची तारीख कोणत्या नाटकाशी भिडते, हे जुळवणे त्यांचे काम. ज्येष्ठ अभिनेत्रीला नऊचा कॉल दिला आणि तिचा सीन चारला लागला, तर ते बोलणे वेळापत्रक बिघडवणाऱ्याला नव्हे, त्या पंचविशीतल्या पोराला ऐकावे लागते. कंटिन्युइटी पाहणाराही त्याच पंगतीतला. एकाच प्रसंगाचे तुकडे तीन वेगवेगळ्या दिवशी शूट होतात. मंगळसूत्र पदराच्या आत होते की बाहेर, केस ओले होते की कोरडे, चहाचा कप कोणत्या हातात होता, याचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असतात. त्याच्याशी कोणी वैर घेत नाही. चूक पडद्यावर गेली की समाजमाध्यमांवर फोटोसकट परत येते, हे सगळ्यांना ठाऊक असते.

एक साधा सीन जवळून पाहिला तर सहकलाकारांचे नाते कशावर ठरते ते कळते. दिवाणखाना आहे, सासू सुनेला जाब विचारते, नवरा मध्ये पडत नाही. आधी सगळे दिसतील असा मास्टर घेतात. मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा दिसेल असा शॉट, ज्याला सेटवर सजेशन म्हणतात. शेवटी क्लोज. दिवे एका बाजूला लावले की त्या बाजूचे सगळे शॉट उरकून घेतात आणि मगच दिवे फिरवतात, कारण दिवे फिरवण्यात अर्धा तास जातो. म्हणून सासूचा संताप सकाळी सव्वादहाला चित्रित होतो आणि त्यावर सुनेचे डोळे भरून येतात ते पावणेबाराला. मधल्या वेळात सासूचे काम संपलेले असते. आता तिने कॅमेऱ्याशेजारी उभे राहून तीच वाक्ये त्याच तिखटपणे पुन्हा म्हटली, तर सुनेला समोर माणूस मिळतो. याला क्यू देणे म्हणतात. सासू मेकअप रूममध्ये निघून गेली, तर कागद हातात धरून सहायक दिग्दर्शक सपाट आवाजात क्यू देतो. तोही धावपळीत असेल तर कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी मूठ धरतो आणि सांगतो, ‘हा तुमचा लूक.’ मग त्या मुठीकडे बघून रडायचे.

कोण कोणाच्या क्लोजला थांबते, हे लाइटमनपासून सगळ्यांना माहीत असते. सहकलाकाराविषयीचे मत पुरस्कार सोहळ्यातल्या भाषणावरून ठरत नाही, ते इथे ठरते. रडण्याच्या सीनमध्ये ‘तिचं आधी घ्या, ती तयार आहे’ असे सांगून स्वतःचा शॉट मागे ठेवणारे ज्येष्ठ असतात. तसेच स्वतःचे डोळे कोरडे पडायच्या आत आपलीच बाजू आधी लावून घेणारेही असतात. पडद्यावर हाडवैर असलेल्या दोघी दुपारी एका डब्यात जेवतात आणि पडद्यावरचे प्रेमी युगुल कट म्हटल्यावर एकमेकांशी बोलतही नाही, असे दोन्ही नमुने या धंद्यात मुबलक आहेत. चित्रण मात्र दोन्ही परिस्थितींत होते. अबोला असला तरी सीन लागतो, कारण भाग रात्री जायचा असतो.

तंत्रज्ञांशी नाते वेगळ्या धाटणीचे. मराठी सेटवर मेकअपदादा, ड्रेसदादा, लाइटदादा, सेटिंगदादा, स्पॉटदादा अशी हाक मारतात. दिग्दर्शक सर असतो आणि ज्येष्ठ अभिनेत्री ताई किंवा मावशी. मेकअपदादा सकाळी कलाकाराला पहिला भेटतो, तेव्हा चेहऱ्यावर रंग नसतो आणि झोपही गेलेली नसते. घरची भांडणे, आईचे आजारपण, नव्या मालिकेची ऑफर हे सगळे त्याच्या कानावर आधी जाते, आणि चांगला मेकअपदादा ते तिथेच ठेवतो. स्पॉटदादा कोणाला बिनसाखरेचा चहा, कोणाला कोमट पाणी हे तिसऱ्या दिवसापासून विचारत नाही. या आपुलकीला किंमत आहे, पण दादा म्हटल्याने पंक्ती एक होत नाहीत. कलाकारांना बसायला वातानुकूलित खोली, लाइटमनला जिन्याची पायरी. सेटवर कॉल सर्वांत आधी लागतो तो लाइट आणि सेटिंगच्या माणसांना, आणि पॅकअपनंतर सर्वांत शेवटी निघतात तेही तेच.

जागाही या नात्यांवर परिणाम करते. बहुतेक मालिका गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढच्या बंगल्यांत, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा मीरा रोड-नायगावच्या स्टुडिओंत चित्रित होतात. दररोज येण्याजाण्यात दोन-तीन तास मोडत असल्याने एका दिशेला राहणाऱ्यांची गाडी ठरते, आणि गाडीतले गट पुढे सेटवरचे गट होतात. चित्रनगरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्याने तिथे आणखी एक पाहुणा येतो: जुलै २०२३मध्ये ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ या मालिकेच्या सेटवर बिबट्या पिल्लासह शिरला, तेव्हा तिथे मोठ्या संख्येने माणसे काम करत होती. कोणाला इजा झाली नाही, पण सुरक्षिततेबद्दल कामगार संघटनांनी त्या वेळी जो आवाज उठवला तो अवाजवी म्हणता येणार नाही.

मुंबईबाहेरच्या मालिकांत प्रकरण अधिक दाट होते. ‘रात्रीस खेळ चाले’ सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आकेरी गावी, ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरच्या परिसरात, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडे चित्रित झाली. तिथे कलाकार महिन्यातले वीस-पंचवीस दिवस एकाच हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात राहतात. कामाचा दिवस संपला तरी माणसे तीच. स्थानिक नाट्यमंडळांतल्या नटांना अशा मालिकांनी काम दिले, बोली शाबूत राहिली, गावातल्या घरमालकांना भाडे मिळाले. ‘तुझ्यात जीव रंगला’चे नायक-नायिका पुढे खरोखर विवाहबद्ध झाले. याउलट जमले नाही तर पळून जायला जागा नसते.

मराठीपुरती एक खास अडचण आहे ती नाटकाची. हिंदी मालिकेतल्या नटाला सहसा दुसरीकडे कुठे जायचे नसते. मराठी नटाला शनिवारी गडकरी रंगायतनला, रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरात प्रयोग असतो आणि मधल्या वारी पुण्या-नाशिकचा दौरा. मालिका स्वीकारतानाच तो आपल्या प्रयोगांच्या तारखा राखून घेतो. चारचा प्रयोग असेल तर त्याला एकला सोडावे लागते. म्हणजे त्याचे सगळे सीन सकाळी, आणि त्याच्यासमोरच्या चौघांनी आपले वेळापत्रक त्याच्याप्रमाणे हलवायचे. त्याच्या पाठमोऱ्या अंगाचे शॉट मग दुसऱ्याच कोणाला तोच सदरा घालून उरकतात. नायक-नायिका दोघेही नाटक करणारे असले तर सहायक दिग्दर्शकाने पंचांग घेऊन बसावे. तरीही निर्माते हे चालवून घेतात, कारण नाटकाने तयार केलेला नट पाठांतराला पक्का असतो, एका टेकमध्ये सीन देतो आणि त्यामुळे वाचलेला वेळ त्याने घेतलेल्या सवलतीपेक्षा जास्त भरतो.

भूमिकेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मालिकेत फार लवकर निकालात निघतो. नट बदलतो, पात्र राहते. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये मिहीर अमर उपाध्यायचा, मग इंदर कुमारचा, मग रोनित रॉयचा झाला. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये शनाया रसिका सुनीलने रंगवली, तिच्या जागी ईशा केसकर आली आणि पुढे २०२०मध्ये रसिका परत आली. ‘आई कुठे काय करते’मधली संजना पहिल्या टाळेबंदीनंतर दीपाली पानसरेकडून रूपाली भोसलेकडे गेली. शिक्षण, आजारपण, बाळंतपण, न पटलेला पैसा, दुसरे काम, कारणे अनेक. नव्याने आलेल्या व्यक्तीचे पहिले पंधरा दिवस कठीण जातात: प्रेक्षक जुनीशी तुलना करतात आणि सहकलाकारांच्याही तोंडी चुकून जुने नाव येते. अशा वेळी मुख्य कलाकाराने उघडपणे तिला जवळ केले, तर बाकीचा सेट मागोमाग येतो.

काढून टाकण्याची वेळ येते तेव्हा मात्र व्यवस्थेतली पोकळी उघडी पडते. जानेवारी २०२२मध्ये स्टार प्रवाहवरील ‘मुलगी झाली हो’मधून अभिनेते किरण माने यांना काढण्यात आले. राजकीय मते समाजमाध्यमांवर मांडल्याची ही शिक्षा आहे, असे त्यांचे म्हणणे. सहकारी अभिनेत्रींशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारी होत्या, असे निर्मितीसंस्थेचे आणि वाहिनीचे म्हणणे. मालिकेतल्या काही अभिनेत्रींनी तक्रारींना दुजोरा दिला, तर काहींनी माने यांची बाजू घेतली. राजकीय पक्ष उतरले, सातारा जिल्ह्यातल्या चित्रीकरणाच्या गावानेही भूमिका घेतली. खरे-खोटे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट ठळक दिसते: कामाच्या ठिकाणची तक्रार आणि तिचा निवाडा हे जे काम बंद दाराआड, ठरलेल्या पद्धतीने व्हायला हवे, ते वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर झाले, आणि एकाच मेकअप रूममध्ये बसणाऱ्या बायका दोन बाजूंना वाटल्या गेल्या.

२०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. मालिकेच्या युनिटमध्ये दहाच्या कितीतरी पट माणसे असतात. अडचण वेगळी आहे. तक्रार करणारी मुलगी दिवसाच्या बोलीवर असते, तिचा ट्रॅक पुढच्या आठवड्यात बंद होऊ शकतो आणि त्यासाठी कोणाला कारणही द्यावे लागत नाही. कथेची गरज म्हटले की झाले. त्यामुळे अशा गोष्टी बऱ्याचदा ताईंच्या कानावर घालून मिटवल्या जातात. ताई खमक्या असतील तर न्याय मिळतो, नसतील तर मुलगी दुसरी मालिका शोधते.

लहान मुलांच्या बाबतीत नियम अधिक स्पष्ट आहेत. बालमजुरी कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांहून अधिक काळ राबवता येत नाही, आणि कमाईचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. सेटवर मुलाचा लाड होतो, त्याला खाऊ मिळतो, सगळे त्याचे काका-मावशी होतात. पण त्याचे सीन आधी लावून त्याला वेळेत सोडले जाते की ‘अजून एकच’ म्हणत थांबवले जाते, हे त्याची आई किती ठाम आहे यावर ठरताना दिसते. सेटवर रोज बसणारी ही आई दिग्दर्शकाला नकोशी वाटते आणि मुलाला तिच्याशिवाय कोणी वाली नसतो.

पैशाचा विषय निघाला की कुटुंबाची भाषा मागे पडते. कलाकारांचे मानधन दिवसावर ठरते. महत्त्वाच्या भूमिकेला महिन्याला किमान इतके दिवस मिळतील अशी हमी असते, छोट्या भूमिकेला ती नसते. शिफ्ट बारा तासांची. झालेल्या कामाचे पैसे मात्र साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात, ही या धंद्यातली जुनी रीत. जानेवारीत केलेल्या कामाचा धनादेश एप्रिल-मेमध्ये. नव्याने मुंबईत आलेल्या मुलाने पहिले तीन महिने खोलीचे भाडे कसे भरायचे, याचा विचार करारात कुठेच नसतो. २०२१च्या सुरुवातीला ‘हे मन बावरे’ या मालिकेतल्या कलाकारांनी मानधन थकल्याची तक्रार समाजमाध्यमांवर उघडपणे मांडली. निर्मात्याने थकबाकी नाकारली नाही, आपण आर्थिक अडचणीत असल्याचे सांगितले. कलाकारांना निदान लोक ओळखतात, म्हणून त्यांच्या पोस्टची बातमी होते. त्याच युनिटमधल्या स्पॉटदादाचे पैसे थकले तर बातमी होत नाही.

त्याच्यासाठी असते ती संघटना. १९५६मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज या महासंघाखाली लाइटमन, मेकअपमन, संकलक, ध्वनिमुद्रक, कॅमेरामन अशा निरनिराळ्या कामांच्या संघटना येतात. कलाकारांची सिन्टा ही संघटना आहे. नोव्हेंबर २००८मध्ये या कामगारांनी वेतनवाढ आणि कामाचे तास यांसाठी संप केला, तेव्हा हिंदी वाहिन्यांना नवे भाग मिळेनात आणि जुने भाग दाखवावे लागले. पडद्यामागची माणसे थांबली तर पडद्यावरचे काहीच चालत नाही, हे प्रेक्षकांना तेव्हा घरबसल्या समजले. तरी रोजच्या सेटवर संघटनेची आठवण शेवटी काढली जाते. रात्री नऊचा पॅकअप साडेदहावर गेला, की दिग्दर्शक हात जोडून ‘दादा, फक्त दोन शॉट’ म्हणतो, आणि दादा थांबतात. उद्याही त्याच माणसासोबत काम करायचे असते आणि परवा मुलाच्या शाळेसाठी सुट्टी मागायची असते. हातात तयार भाग शिल्लक नसले तर दोन युनिट लावून दोन मजल्यांवर एकाच वेळी चित्रण चालते, एकाच नायिकेला वर-खाली पळवले जाते, आणि सकाळी चित्रित झालेला प्रसंग रात्रीच्या भागात जातो. या अडचणीचे मूळ उशिरा मंजूर झालेल्या पटकथेत असते; तिची भरपाई लाइटमनच्या झोपेतून होते.

कोविडने हे सगळे काही काळ उलटेपालटे केले. मार्च २०२०मध्ये चित्रीकरणे थांबली. राज्य सरकारच्या नियमांनुसार ती पुन्हा सुरू झाली तेव्हा युनिट जेमतेम एक तृतीयांश माणसांवर चालवायचे होते आणि ६५ वर्षांवरच्यांना सेटवर यायला मज्जाव होता. मालिकांतले आजोबा-आजी एकाएकी गावाला गेले किंवा व्हिडिओ कॉलवर दिसू लागले. छोट्या भूमिका करून पोट भरणाऱ्या एका सत्तरीच्या कलाकाराने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि ऑगस्ट २०२०मध्ये न्यायालयाने वयाची ती अट रद्द केली. पुढच्याच महिन्यात साताऱ्यात ‘आई माझी काळूबाई’च्या चित्रीकरणादरम्यान युनिटमधल्या बऱ्याच जणांना लागण झाली, आणि त्यात ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे निधन झाले. काम करण्याचा हक्क आणि काम करताना सुरक्षित राहण्याचा हक्क, दोन्ही प्रश्न दोन महिन्यांत समोर आले आणि दोन्ही खरे होते.

एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आल्यावर मालिकांनी गोवा, सिल्वासा, हैदराबाद असे मिळेल तिथे बस्तान हलवले. गोव्यानेही मेमध्ये परवानग्या थांबवल्या. जिथे थारा मिळाला तिथे कलाकार आणि तंत्रज्ञ एकाच रिसॉर्टमध्ये, बाहेर न पडता राहिले. एरवी मेकअप रूम आणि जिना यांत जे अंतर असते, ते एका भोजनगृहात जेवताना बरेच कमी झाले, असे या काळाविषयी बोलणारे सांगतात. मुंबईत परतल्यावर जुनी व्यवस्थाही परतली.

मालिका बंद होण्याची बातमी युनिटला बहुधा थोडे दिवस आधी कळते, कधी तर वाहिनीने नव्या मालिकेची जाहिरात त्याच वेळेला दाखवायला सुरुवात केल्यावर. शेवटच्या दिवशी केक कापतात, फोटो निघतात, नायिकेला मालिकेतली एखादी वस्तू आठवण म्हणून मिळते. दुसऱ्या दिवशी सेटिंगची माणसे भिंती उतरवायला लागतात, कारण जागेचे भाडे दिवसावर असते. तंत्रज्ञ त्याच निर्मितीसंस्थेच्या पुढच्या मालिकेत बरेचदा जसेच्या तसे जातात. दिग्दर्शक आपला कॅमेरामन आणि आपले सहायक बरोबर नेतो, मेकअपदादाला एखादी अभिनेत्री आपल्यासोबत मागून घेते. कलाकारांना तसे जाता येत नाही. पाच वर्षे एकाच नावाने ओळखला गेलेला चेहरा लगेच दुसऱ्या घरात सून म्हणून दाखवायला वाहिन्या कचरतात, म्हणून त्यांच्या वाट्याला काही महिन्यांची रिकामी जागा येते, आणि ती नाटकाने किंवा जाहिरातींनी भरून काढावी लागते. ग्रुप चालू राहतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर त्यावर अधूनमधून विचारणा होते की शेवटच्या महिन्याचे पैसे कोणाला आले का. नव्वद दिवसांच्या रिवाजाने ते यायला मालिका संपल्यावर आणखी तीन महिने जातात, आणि तोवर निर्मितीसंस्थेच्या हिशेबनिसाला सगळे युनिट आळीपाळीने फोन करत असते.